तिकिटांचे आमचे गुरुजन

टपालाची तिकिटे जमविणे हा श्रीमंतांचा छंद होय, असा समज आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ काळ रूढ होता. तो दूर करणारे दोन गृहस्थ आमच्या भाग्याने आम्हांस लाभले. संपादक महाशयांनी ज्ञातीच्या गतकाळाविषयी चार शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा सभा-संमेलनांचा वृत्तान्त अधिक जाणत्या लेखणीवर सोपवून आम्ही या उभयतांचे स्मरण करण्याचे योजिले. त्यांची नावे देत नाही. हयातीत त्यांनी ती कोठेच छापू दिली नव्हती.

पहिले आमचे गुरुजी. सन १९७० च्या सुमारास तारापूरकडील एका गावात शाळा सांभाळून ते डाकघरही चालवीत. ओटीवर एक लाकडी पेटी, लहानसा काटा, शाईची गादी आणि शिक्का, एवढाच सरंजाम. टपालाची थैली बोईसर स्थानकावरून येई. ती येईपर्यंत गुरुजी मुलांस गोष्टी सांगत. मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंध प्रांतात आयुक्त बार्टल फ्रियर यांनी १ जुलै १८५२ रोजी 'सिंध डाक' हे वाटोळे तिकीट काढले. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशास एक तिकीट व एक दर लागू झाला. पूर्वी अंतर वाढे तसे हशील वाढे. आता पाव तोळ्याच्या पत्रास, ते कोठेही जावो, अर्धा आणा. "दर्यावर्दी माणसाच्या आईचे पत्र त्या दिवसापासून स्वस्त झाले," असे गुरुजी म्हणत.

सन १९३७ ची सहाव्या जॉर्जची मालिका त्यांस विशेष प्रिय होती. दोन आण्यांवर डाक नेणारा हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीनवर टांगा, साडेतीनवर उंट, चारवर आगगाडी, सहावर आगबोट, आठवर मोटारलॉरी आणि बारा आण्यांवर विमान. एवढ्या कागदावर गुरुजी भूगोल व हिशेब दोन्ही शिकवीत. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात १९२६ पासून तिकिटे छापली जाऊ लागली, हे सांगताना त्यांस वाटणारा अभिमान पाहण्यासारखा असे.

दुसरे पालघरच्या कचेरीतील एक कारकून, नात्याने आमचे मामा. यांचा स्वभाव कडक. तिकिटाचा भाव विचारणाऱ्यास ते चहादेखील विचारीत नसत! कात्रीने तिकीट कापून घेणे त्यांस मुळीच खपत नसे. त्यांचे मत असे की, तिकीट सरकारचे, शिक्का मात्र गावाचा. म्हणून पाकीट सबंध ठेवावे. त्यांच्या संग्रही ऑगस्ट १९४२ चे एक पाकीट होते. राजाच्या मुखावर पालघरचा काळा शिक्का बसलेला. त्या महिन्याच्या १४ तारखेस पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी व सालवडचे सुकूर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. पाकिटातील मजकूर अगदी घरगुती, भाताच्या लावणीचा. तथापि मामा ते हाती देण्यापूर्वी आम्हांस हात धुवावयास लावीत.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे काम १९६४ साली सुरू झाले आणि अमेरिकन तंत्रज्ञ किनाऱ्यावर राहावयास आले, तेव्हा परदेशी तिकिटांचा सुकाळ झाला. डॉ. होमी भाभांचे १९६६ सालचे तिकीट तर घरोघरी मुलांजवळ असे. केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. मामांस या परदेशी तिकिटांचे फारसे कौतुक नव्हते. त्या पाकिटांवरील 'तारापूर' हा पत्ता मात्र ते निरखून वाचीत.

त्यांची ही दृष्टी किती दूरची होती, हे फार पुढे उमगले. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे मूळ जागेवरून उठली. त्या भट्ट्या २००५ व २००६ साली चालू झाल्या. घरे, विहिरी, वाटा गेल्या. त्या जागी कोण राहत होते, कोणाचा मुलगा कोठून पैसे पाठवीत होता, हे सांगणारा कागद म्हणजे माळ्यावरच्या ट्रंकेतील पत्रे. ती रद्दीत जाताना आम्ही पाहिली आहेत. ज्या ज्ञातिबांधवांकडे अशी पत्रे असतील त्यांनी ती निदान एकवार दाखवावी. आम्ही मागणार नाही, उतरून घेऊ.

पोफरणच्या पत्त्याची सात पाकिटे आजवर पाहावयास मिळाली, अक्करपट्टीची तीन. त्यांवरील तिकिटे अगदी साधी, नित्याच्या वापरातील आहेत.