नळ सामाईक: बडोद्यातल्या जुन्या घरांचं पाणी आणि प्लंबर

आपल्या मंडळात बडोद्यावर पुष्कळ वाचून झालं आहे. लक्ष्मीविलास राजवाडा, न्यायमंदिर, सुरसागर, शहराचे दरवाजे, सयाजीराव महाराजांचं शिक्षणकार्य, सगळं येऊन गेलं. घरातल्या नळावर मात्र अजून कुणी निबंध वाचलेला नाही. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. नोकरीची बरीच वर्षं कारखान्यात पाइपलाइनवर गेली, आणि मग जुनी कागदपत्रं वाचायचा नाद लागला. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला येणं ओघानंच आलं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. जुन्या घराच्या नळाचा नकाशा बहुतेक वेळा कुठल्याच दप्तरात नसतो. तो त्या गल्लीत वर्षानुवर्षं काम केलेल्या प्लंबरच्या डोक्यात असतो. अशा घरात दुरुस्तीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना, घराचा एक न लिहिलेला कागद आपण कुणाच्या हाती देतोय, याचा विचार करायला हवा.

अजव्याच्या आधी

नळ येण्याआधी जुन्या शहरात पाणी म्हणजे विहीर, वाव, तळं आणि काही घरांत अंगणाखालचं टांकं. पाणी ओढायचं, गाळायचं आणि पाणियाऱ्यावर हंडे मांडून ठेवायचं. पाणियारं हा शब्द गुजरातीतला, पण आपल्या बडोदेकरांच्या मराठीत तो इतका मुरलाय की पुण्याचे पाहुणे गोंधळतात. चोकडीचंही तसंच. पुण्यात मोरी म्हणतात, आपण चोकडी म्हणतो. पुढे हातपंप आला, त्याला आपण डंकी म्हणू लागलो. नळकामाचा अर्धा शब्दसंग्रह आपण शेजाऱ्यांकडून उचललाय.

या व्यवस्थेत प्लंबर नव्हता. विहिरीचा रहाट सुतार बघायचा, पोहरा लोहार बघायचा, गाळ काढायला वेगळी माणसं यायची.

अजव्याचं पाणी

शहराच्या पूर्वेला साधारण वीस किलोमीटरवर अजव्याचं धरण सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. सयाजी सरोवर ते हेच. तिथून पाणी शहरात आलं ते उताराच्या जोरावर. पावसाळ्यात अजव्याची पातळी २११ फूट झाली की ही बातमी आजही शहरभर फिरते, आणि विश्वामित्रीच्या काठचे लोक सामान वर चढवू लागतात. आपली जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ११५ ते १३० फुटांवर आहे. म्हणजे तळं काठोकाठ भरलं तरी हाताशी येणारी उंची ऐंशी-नव्वद फूट. त्यातली बरीचशी एवढ्या लांबच्या नळातल्या घर्षणात जाते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत जो दाब उरतो, त्यात पाणी तळमजल्याच्या नळाला येईल, वरच्या मजल्यावर चढेलच असं नाही. जुन्या वाड्यांत पाण्याचा हौद अंगणात, जमिनीच्या पातळीला का असतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

रस्त्याखालचे मोठे नळ त्या काळी बिडाचे असत. एका नळाचं तोंड दुसऱ्याच्या बुडख्यात बसवायचं, फटीत तागाचा पीळ ठासायचा, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते थंड झाल्यावर छिन्नीनं ठोकून घट्ट करायचं. प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबम वरून, आला आहे. घरात शिरणारा नळ मात्र जस्त चढवलेल्या लोखंडाचा, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो तो. त्याला आटे पाडावे लागत, आणि सांध्याला धागा गुंडाळून सफेदा लावावा लागे.

आटे पाडणं हे नवं कसब होतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच घराण्यातले आटे आजही तुमच्या माझ्या नळाला आहेत. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण प्लंबर अजून अर्धा इंची म्हणतो आणि इंचाचा आठवा भाग सुतात मोजतो. गंमत अशी की अर्धा इंची जीआय पाइप कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. बाहेरून तो २१ मिलिमीटरच्या थोडा वर असतो. नाव जुन्या मापाचं राहिलं, वस्तू बदलत गेली.

प्लंबर कुठून आला

मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यातच परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. म्हणजे तोवर हा धंदा सरकारनं दखल घ्यावी इतका मोठा झाला होता. आपल्याकडे अजव्याच्याच काळात, १८९० मध्ये, कलाभवन सुरू झालं. तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं असा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. कलाभवनात शिकलेली मोठी नावं आपल्याला पाठ आहेत, दादासाहेब फाळके त्यांतलेच. पण घरोघर जाऊन आटे पाडणाऱ्यांची यादी कुणी केली नाही.

आणि हा माणूस घरात शिरला तो थेट स्वयंपाकघराजवळ. हे त्या काळी सोपं नव्हतं. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो म्हणून कलकत्ता-मुंबईकडच्या सनातनी घरांतून नळाच्या पाण्याला विरोध झाला होता. माझी आजी शेवटपर्यंत देवाचं पाणी विहिरीचं घेई. विहिरीवर कुणी पाणी भरायचं हे जातीवर ठरत होतं, आणि नळाचं पाणी सगळ्यांना एकाच तळ्यातून येत होतं. पण एवढ्यानं माणसं बदलली असं समजू नये. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. नळाचं पाणी तोवर शहरात रुळलं होतं. पाइप घरात घ्यायला तयार झालेल्या शहरानं माणसाला घरात घेतलं नाही, हेही आपल्या नळाच्या इतिहासात लिहायला हवं.

आज बडोद्यात काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशातले आहेत. केंद्रपाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडाई हे या धंद्याचं माहेरघर. तिथल्या माणसांनी कलकत्त्यात हे काम शिकून घेतलं आणि मग देशभर नेलं. आता तिथे राज्य सरकारची प्लंबिंग शिकवणारी संस्था आहे. कामात ही मंडळी वाकबगार असतात. पण जुन्या गल्लीतली जमिनीखालची लाइन कुठून आलीय हे बाहेरून आलेल्याला कोण सांगणार? तिथे गल्लीतलाच जुना मिस्त्री लागतो.

आमच्या घराची वाटणी

आमचं घर दांडिया बाजारात. आजोबांच्या पिढीत तीन भावांची वाटणी झाली. वाटणीपत्रात खोल्या, जिने, विहीर, अंगणातला हौद, सगळं नीट लिहिलंय. नळाबद्दल दोनच शब्द आहेत: नळ सामाईक. तो कुठून येतो आणि कुणाच्या जमिनीखालून जातो, याचा उल्लेख नाही.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावानं मागचा भाग विकायला काढला. घेणारा पाडून नवं बांधणार होता. त्याच सुमारास आमच्याकडे पाणी कमी येऊ लागलं आणि पहिली दोन-चार मिनिटं त्याला वास यायला लागला. माझी काकू ८४ वर्षांची, तिला दोनदा पोटाचा त्रास झाला. फोनवरून बोलावलेला एक तरुण प्लंबर आला. घर रस्त्यावर आहे म्हणजे लाइन पुढूनच असणार, असं धरून त्यानं पुढची फरशी तीन ठिकाणी फोडली. काही सापडलं नाही. मग त्यानं सगळं नळकाम नव्यानं करायचा अंदाज लिहून दिला.

त्यानंतर गल्लीतल्या जुन्या मिस्त्रीभाईंना बोलावलं. ते म्हणाले, आत्ता नाही, पाण्याच्या वेळेला येतो. पहाटे पाणी सुटताना आले. सगळ्या तोट्या बंद करायला लावल्या, एक लोखंडी सळई फरशीला टेकवली आणि दुसरं टोक कानाला लावून घरभर फिरले. मग म्हणाले, "साहेब, लाइन आगळथी नथी, पाछळनी गलीमांथी आवे छे." लाइन मागच्या गल्लीतून येत होती आणि चुलतभावाच्या चोकडीखालून आमच्याकडे शिरत होती.

तिथे खणलं. हात-दीड हातावर जुना जीआय पाइप निघाला, सांध्याला काळपटलेला धागा आणि सफेदा तसाच होता. पाइपाला बारीक भोक पडलं होतं, आणि वीतभर अंतरावर मातीचा सांडपाण्याचा नळ पाझरत होता. आपल्याकडे पाणी ठरल्या वेळेलाच येतं. ते बंद झालं की लाइनमधला दाब जातो आणि बाहेरचं पाणी त्या भोकातून आत ओढलं जातं. सकाळी पहिली चार मिनिटं जे येत होतं ते हे. विक्री आधी झाली असती, तर खोदकामात आम्हा नऊ माणसांचं पाणी तुटलं असतं, आणि ते कुठे तुटलं हे कुणालाच कळलं नसतं.

इतिहासाच्या दृष्टीनं मला पुढची गोष्ट महत्त्वाची वाटली. नळ मागून का? शेजारच्या घराचं जुनं खरेदीखत वाचायला मिळालं. त्यातल्या चतुःसीमेत आमच्या आताच्या पुढच्या बाजूला रस्ता नाही, मोकळी जागा लिहिली आहे, आणि मागे गल्ली. म्हणजे नळ घेतला तेव्हा घराचं तोंड मागे होतं. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. एका घरावरून नियम काढता येत नाही, म्हणून मिस्त्रीभाईंबरोबर गल्लीतली आणखी दोन घरं बघितली. दोन्हीकडे लाइन मागूनच निघाली.

भावाशी बोलून विक्रीआधी आम्ही पुढच्या रस्त्यावरून नवी लाइन घेतली आणि जुनी लाइन मुख्य नळापाशीच बंद केली.

मिस्त्रीभाईंनी त्या सकाळचे ३०० रुपये सांगितले. मी जास्त दिले तर म्हणाले, लोक पाइपाचे पैसे देतात, ऐकण्याचे कुणी देत नाही. त्यांचे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मुलगा मात्र या धंद्यात नाही. नंतरचे चार रविवार मी त्यांच्याजवळ वही घेऊन बसलो. गल्लीतल्या अकरा घरांच्या लाइनी त्यांनी तोंडी सांगितल्या, मी काढून घेतल्या. माझ्या माहितीत या अकरा घरांच्या नळांचा दुसरा नकाशा नाही.

प्लंबर लावण्याआधी

ज्यांचं घर जुनं आहे त्यांच्यासाठी अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली, काम ठरवण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: पाणी घरात कुठून शिरतं? अंदाजानं उत्तर देणाऱ्याला फरशी फोडू देऊ नका. पाण्याच्या वेळेला येऊन बघतो म्हणणारा माणूस निवडा.

दुसरी, शोधण्याचे पैसे वेगळे ठरवा आणि द्या. नुसते सामानावर आणि फुटावर पैसे मिळाले, तर नवा पाइप टाकण्यातच त्याचा फायदा राहतो.

तिसरी, बंद केलेली जुनी लाइन जिवंत लाइनला जोडलेली सोडू नका. त्यात पाणी साचून राहतं. ती मुळापाशी कापून टोपी बसवून घ्या.

चौथी, पिण्याचा नळ सांडपाण्याच्या नळापासून दूर आणि वरच्या पातळीला टाकून घ्या. जागा नसेल तर तिथे सांधा तरी येऊ देऊ नका.

पाचवी, जो पाइप निघेल तो बघा. शिशाचा सांधा, जीआय, मग पीव्हीसी, मग फिकट पिवळसर सीपीव्हीसी, साधारण याच क्रमानं थर सापडतात. जीआयवर रंगाचा पट्टा दिसला तर टिपून ठेवा: पिवळा हलक्या, निळा मध्यम आणि लाल जाड वर्गाचा. छतावर काळी प्लॅस्टिकची टाकी कधी चढली, मोटर कधी बसली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यावरून दुरुस्त्यांचा काळ ठरवता येतो.

मंडळाला माझी विनंती आहे. जुन्या शहरात घरं झपाट्यानं पडताहेत आणि नळकामाची ही पिढीही थकत चाललीय. प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीशी बोलावं, त्याला वेळेचे पैसे द्यावेत आणि निदान आपल्या घराची लाइन कागदावर उतरवावी. खड्डा उघडा असतानाच भिंतीपासूनचं अंतर मोजा, फोटो काढा, त्यावर तारीख घाला, आणि मग फरशी बसवायला सांगा.