बोमाँट स्ट्रीटवरचे रुग्णालय : किंग एडवर्ड सेव्हन्थ संस्थेची वाटचाल

ऑक्टोबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धाला तोंड फुटले आणि जखमी अधिकाऱ्यांना घेऊन जहाजे इंग्लंडच्या बंदरांना लागू लागली. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागात, ग्रोव्हनर क्रेसेंटवरील १७ क्रमांकाच्या घरात अ‍ॅग्नेस आणि फॅनी कीझर या बहिणी राहत. वडील शेअर दलाल, घरची सांपत्तिक स्थिती उत्तम. युवराज एडवर्डचा अ‍ॅग्नेसशी निकटचा स्नेह होता. हे प्रशस्त घर जखमींसाठी खुले करावे, असे त्याने सुचवले आणि दोघी बहिणींनी ते मनावर घेतले. दिवाणखाने रिकामे झाले, तेथे खाटा पडल्या. राजवाड्यातील आजारपणांशी ज्याचे नाव पुढे शतकभर जोडले गेले, त्या रुग्णालयाचा आरंभ असा एका राहत्या घरात झाला.

१९०१ मध्ये युवराज राजा झाला. सातव्या एडवर्डने संस्थेचे आश्रयदातेपद स्वीकारले, तिला आपले नाव दिले आणि धनिक मित्रांना तिच्या खर्चाचा भार उचलायला लावले. अ‍ॅग्नेस कीझर आता सर्वांच्या लेखी ‘सिस्टर अ‍ॅग्नेस’ झाली होती. संस्थेचे लांबलचक अधिकृत नाव टाळून लोक रुग्णालयालाही याच नावाने ओळखू लागले, आणि ती सवय अजून मोडलेली नाही.

आश्रयदाता राजा स्वतः आजारी पडला, तेव्हा मात्र तो या रुग्णालयात आला नाही. त्या काळी राजा शल्यविशारदाकडे जात नसे, शल्यविशारद राजवाड्यात येई. १९०२ चा जून त्या दृष्टीने संस्मरणीय आहे. राज्याभिषेकाचा सोहळा २६ जूनला ठरलेला होता. राजाची प्रकृती बरी नाही अशी कुजबूज त्याआधीच सुरू झाली होती आणि कंबर धरली आहे, एवढेच खुलाशादाखल सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आंत्रपुच्छाभोवती गळू झाले होते. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच एक खोली शस्त्रक्रियेसाठी सज्ज करून सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी ते गळू फोडून पू काढला. सोहळा पुढे ढकलला गेला, मेजवानीसाठी शिजवलेले अन्न लंडनच्या गोरगरिबांना वाटले गेले. देशोदेशीचे पाहुणे मात्र लंडनला येऊन पोचले होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती याच सोहळ्यासाठी इंग्लंडला गेले होते. मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा आदेश २६ जुलैच्या करवीर गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला, तो महाराज परदेशी असतानाच. लंडनमध्ये राजाची जखम भरत होती आणि करवीरमध्ये एका नव्या युगाची नोंद होत होती, असे हे दिवस. राज्याभिषेक अखेर ९ ऑगस्टला पार पडला.

त्या आठवड्यांत राजवाड्याच्या कुंपणापाशी लोकांची रीघ लागे. डॉक्टरांच्या सह्यांचे छोटेसे निवेदन तेथे लावले जाई आणि माणसे ते वाचून पुढे सरकत. राजघराण्यातील शस्त्रक्रिया म्हटली की किती सांगायचे, कोणी सांगायचे आणि न सांगितलेल्या भागाचे लोक काय करतील, हे प्रश्न तेव्हाच उभे राहिले होते. रुग्णालयाच्या वाट्याला ते पुढे यायचे होते.

दरम्यान संस्था वाढत होती. १९०४ मध्ये ती ग्रोव्हनर गार्डन्स येथील मोठ्या वास्तूत गेली. १९१० मध्ये सातव्या एडवर्डचे निधन झाले. त्याच्या स्मारकाच्या वर्गणीतून साम्राज्यात ठिकठिकाणी रुग्णालये उभी राहिली. परळचे १९२६ साली सुरू झालेले केईएम हे आपल्याला सर्वांत परिचित असलेले नाव. लंडनच्या संस्थेचे वेगळेपण एवढेच की तिला राजाचे नाव त्याच्या हयातीत आणि त्याच्याच इच्छेने मिळाले होते.

पहिल्या महायुद्धाने संस्थेची खरी परीक्षा घेतली. फ्रान्समधून जखमी अधिकाऱ्यांचा ओघ थांबत नव्हता. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जबर जखमी झालेला हॅरॉल्ड मॅकमिलन हा तरुण अधिकारी येथेच दाखल झाला आणि त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हा रुग्ण पुढे वेगळ्या नात्याने या संस्थेत परतणार होता. १९३० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. ज्या बाईच्या घरात हे काम सुरू झाले, तिच्या हातून ते आता कायमस्वरूपी विश्वस्त संस्थेकडे गेले. तरीही सिस्टर अ‍ॅग्नेस अखेरपर्यंत रुग्णालयाशीच जोडलेली राहिली. १९४१ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना तिचे निधन झाले. तिच्याविषयी लिहिताना राजाशी असलेल्या मैत्रीचा उल्लेख बहुधा आधी येतो. चाळीस वर्षांचे रुग्णसेवेचे काम मागे पडते, हा तिच्यावर अन्याय आहे.

युद्धानंतर १९४८ मध्ये मॅरिलबोन भागातील बोमाँट स्ट्रीटवर रुग्णालय नव्याने सुरू झाले. राणी मेरीच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आली आणि देशातील बहुतेक रुग्णालये सरकारच्या छत्राखाली गेली. किंग एडवर्ड सेव्हन्थ स्वतंत्र राहिले. सरकारी निधीवर न विसंबता देणग्या आणि शुल्क यांच्या बळावर उभे राहण्याची ही वाट सोपी नव्हती.

राजघराण्याची जुनी रीत अजून सुटली नव्हती. २३ सप्टेंबर १९५१ रोजी सहाव्या जॉर्जचे डावे फुप्फुस काढण्यात आले तेही बकिंगहॅम राजवाड्यातच. शल्यविशारद होते क्लेमेंट प्राइस टॉमस. फुप्फुसात रचनात्मक बदल आढळले आहेत, एवढेच लोकांना सांगितले गेले. कर्करोग हा शब्द कोणी उच्चारला नाही. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजा गेला. भूलशास्त्र, क्ष-किरण, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा यांचा पसारा इतका वाढला होता की राजवाड्यातल्या खोलीत शस्त्रक्रियागृह मांडण्याचे दिवस संपत आले होते. पुढच्या पिढीत राजघराण्यातील माणसे रुग्णालयात येऊ लागली, आणि त्यांच्यामागोमाग छायाचित्रकारही.

त्या गर्दीची पहिली मोठी चुणूक संस्थेला मिळाली ती मात्र एका पंतप्रधानामुळे. ऑक्टोबर १९६३ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन पौरुषग्रंथीच्या त्रासाने अचानक दाखल झाले. हुजूर पक्षाचे अधिवेशन ब्लॅकपूलला भरले होते. १० ऑक्टोबरला इकडे शस्त्रक्रिया झाली आणि त्याच दिवशी तिकडे अधिवेशनात त्यांचे पद सोडण्याचा मनोदय सांगणारे पत्र लॉर्ड होम यांनी वाचून दाखवले. वारस कोण, दुखणे नेमके किती गंभीर, यावर देशभर तर्क लढवले जाऊ लागले. १८ ऑक्टोबरला राजीनामा गेल्यावर राणी दुसरी एलिझाबेथ स्वतः रुग्णालयात आली आणि खाटेवरच्या मावळत्या पंतप्रधानाचा सल्ला तिने ऐकून घेतला. त्याच दिवशी लॉर्ड होम यांना पाचारण झाले. सोमच्या जखमा घेऊन आलेल्या तरुणाला ज्या संस्थेने उभे केले होते, तिच्याच छताखाली त्याच्या राजकीय कारकिर्दीचा शेवट झाला. त्या दहा दिवसांत परिचारिका, स्वयंपाकघरातील माणसे आणि दारावरचे कर्मचारी यांच्यावर किती ताण आला असेल, याची कल्पना करता येते.

त्यानंतरची चार दशके राजमाता एलिझाबेथ हिच्या येण्याजाण्याने भरलेली आहेत. १९८२ मध्ये घशात माशाचा काटा अडकला म्हणून, १९९५ मध्ये खुबा बदलण्यासाठी, आणि जानेवारी १९९८ मध्ये सँड्रिंगहॅमला पडल्यानंतर दुसऱ्या खुब्यासाठी ती येथे आली. तेव्हा तिचे वय ९७ होते. या वयात भूल सोसेल का, ती पुन्हा चालेल का, असे अंदाज दारोदार बांधले जात होते. ती बरी झाली आणि पुढे चार वर्षे जगली. तिची धाकटी मुलगी राजकन्या मार्गारेट हिने ९ फेब्रुवारी २००२ च्या पहाटे याच रुग्णालयात अखेरचा श्वास घेतला. २००३ मध्ये राणीच्या दोन्ही गुडघ्यांवर, वर्षाच्या आरंभी एका आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या, येथेच शस्त्रक्रिया झाल्या. राणी स्वतः संस्थेची आश्रयदाती होती.

या सर्व काळात एक शिस्त घट्ट होत गेली. रुग्णाविषयी जे बोलायचे ते राजवाडा बोलेल, रुग्णालय बोलणार नाही. बाहेर वार्ताहर कितीही तास ताटकळले तरी आतून शब्द येत नसे. ही शिस्त अबोलपणे पाळणाऱ्या शेकडो माणसांची नावे कुठेही छापून आलेली नाहीत. संस्थेची खरी पुंजी मात्र तीच.

डिसेंबर २०१२ ने या शिस्तीवर घाला घातला. ३ तारखेला राजपुत्र विल्यमची पत्नी कॅथरीन गर्भारपणातील तीव्र उलट्यांमुळे दाखल झाली. बातमी जाहीर करण्याची वेळ अजून आली नव्हती, पण रुग्णालयात यावे लागल्याने ती सांगणे भाग पडले, आणि जगभरचे कॅमेरे बोमाँट स्ट्रीटवर आले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ वाहिनीच्या दोन निवेदकांनी राणी आणि युवराज चार्ल्स असल्याची बतावणी करून फोन केला. त्या वेळी स्वागतकक्षात कोणी नव्हते. फोन घेणाऱ्या परिचारिकेने तो विश्वासाने कक्षात जोडून दिला, आणि तेथून प्रकृतीचा तपशील बाहेर गेला. तो ध्वनिमुद्रित होऊन प्रसारित झाला. लाखो लोक हसले. ७ डिसेंबरला फोन जोडून देणारी परिचारिका मृतावस्थेत आढळली. ती कर्नाटकच्या किनारपट्टीवरून इंग्लंडला गेलेली, दोन मुलांची आई होती. रुग्णालयाने तिच्यावर कोणतीही कारवाई केली नव्हती, उलट तिला आधार दिला होता. राजवाड्यानेही तक्रार केलेली नव्हती. २०१४ मधील न्यायालयीन चौकशीत तिने आत्महत्या केल्याचे निष्पन्न झाले.

संस्थेच्या इतिहासातील हे सर्वांत दुःखद प्रकरण आहे आणि ते टाळून तिची वाटचाल सांगता येणार नाही. उपचारात येथे कसूर झालेली नव्हती. एका तरुण स्त्रीच्या दुखण्यावर करमणूक म्हणून टपलेल्या जगाने दारातल्या सर्वांत साध्या, कामसू माणसाचा बळी घेतला. संस्थेने तिच्या कुटुंबीयांसाठी निधी उभारला आणि आपले काम चालू ठेवले.

मार्च २०१३ मध्ये पोटाच्या विकाराने राणी एक रात्र येथे राहिली. एप्रिल २०१८ मध्ये राणीचा ९६ वर्षांचा पती राजपुत्र फिलिप याचा खुबा बदलण्यात आला. ४ तारखेला शस्त्रक्रिया झाली, १३ तारखेला तो घरी गेला आणि १९ मे रोजी नातवाच्या लग्नात काठीशिवाय चालत आला. त्या सहा आठवड्यांत त्याच्या प्रकृतीविषयी जे काही बोलले गेले होते, ते त्या चालण्यानेच मिटले.

१६ फेब्रुवारी २०२१ ला फिलिप पुन्हा दाखल झाला. कोविडची साथ चालू होती, भेटी जवळजवळ बंद होत्या. २० तारखेला चार्ल्स वडिलांना भेटून बाहेर पडला तेव्हा गाडीच्या काचेतून टिपलेल्या त्याच्या ओलसर डोळ्यांवरून वर्तमानपत्रांनी निदान करायला घेतले. १ मार्चला फिलिपला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात हलवण्यात आले, ३ तारखेला हृदयावर उपचार झाले, दोन दिवसांनी तो बोमाँट स्ट्रीटला परतला आणि १६ मार्चला विंडसरला गेला. एकूण २८ रात्री. ९ एप्रिलला तेथेच त्याचे निधन झाले. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला राणी येथे एका रात्रीपुरती आली. ती विंडसरला विश्रांती घेत आहे असेच लोकांना सांगितले गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने खरी गोष्ट छापली. लपवाछपवीचा ठपका आला तो राजवाड्याच्या माहितीवर. रुग्णालयाने नेहमीप्रमाणे मौन पाळले.

१६ जानेवारी २०२४ रोजी कॅथरीनच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली ती याच मॅरिलबोन भागातील लंडन क्लिनिकमध्ये. ईस्टरपर्यंत ती सार्वजनिक कामाला येणार नाही, एवढे राजवाड्याने सांगितले होते आणि तेवढे पुरेसे होते. पण तर्कवितर्कांना ऊत आला. मार्चमध्ये मातृदिनाचे कौटुंबिक छायाचित्र फेरफार केल्याच्या कारणावरून वृत्तसंस्थांनी मागे घेतले आणि वावड्यांना आणखी बळ मिळाले. तिचे वैद्यकीय कागद पाहण्याचा प्रयत्न झाल्याच्या तक्रारीची माहिती-संरक्षण यंत्रणेला दखल घ्यावी लागली. शेवटी २२ मार्चला तिला स्वतःच चित्रफितीतून कर्करोगाचे निदान आणि केमोथेरपी यांविषयी सांगावे लागले. मुलांना समजावून सांगायला वेळ हवा होता, असे ती म्हणाली. आजारी माणसाला एवढा वेळही मिळू नये! रुग्णाचे गुपित राखणे हा राजघराण्याचा विशेष अधिकार नसून उपचाराचाच भाग आहे, हे बोमाँट स्ट्रीटच्या संस्थेने सव्वाशे वर्षे आचरणातून दाखवलेले तत्त्व त्या वसंतात सर्वांनाच नव्याने समजून घ्यावे लागले.

आज हे रुग्णालय केवळ अधिकाऱ्यांपुरते राहिलेले नाही, कोणीही रुग्ण येथे उपचार घेऊ शकतो. ते नोंदणीकृत धर्मादाय संस्था म्हणून चालते. सैन्यातील पदांची जुनी भिंत पडली असून भूदल, नौदल आणि हवाई दलातील कोणत्याही हुद्द्याच्या आजी-माजी सैनिकांना शुल्कात सवलत आहे. ज्या माजी सैनिकांची ऐपत नाही त्यांच्या उपचारांचा काही भाग, प्रसंगी पूर्ण खर्च, देणग्यांतून उभ्या केलेल्या अनुदानातून भागवला जातो. वर्षानुवर्षे वेदना घेऊन जगणाऱ्या माजी सैनिकांसाठी संस्थेने स्वतंत्र वेदनानिवारण कार्यक्रम उभारला आहे. त्यात वेदनातज्ज्ञ, मानसोपचार जाणणारे आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र काम करतात, आणि त्याचा खर्च सैनिकांकडून घेतला जात नाही.