गोदीतून उशाशी

अतिदक्षता विभागात डॉक्टर रुग्णाला जरा डाव्या कुशीवर वळवतात, गार जेल लावून फासळ्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि पंख्याच्या आकाराच्या करड्या चित्रात डावा कप्पा नीट आकसतो का, हृदयाभोवती पाणी साठले आहे का, हे दोन-चार मिनिटांत पाहतात. या प्रोबचे मूळ गाव शोधायचे तर आपल्याला जहाजांच्या गोदीत जावे लागते.

स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे 1880 मध्ये क्युरी बंधूंनी दाखवले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँने त्याच गुणाच्या बळावर, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्यांचा माग काढू पाहिला; पुढे ती युक्ती पोलादातले तडे हुडकू लागली. आता आपण 1953 च्या स्वीडनमध्ये, लुंडला येऊ. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि झडप अरुंद आहे की गळकी, हे चिरफाडीआधी कळावे, ही हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांची निकड. भौतिकीतले हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या कोकुम्स गोदीतले तडे तपासायचे यंत्र उसने मिळवले आणि आधी स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. पडद्यावर ठोक्याबरोबर एक खूण हलली! मग सीमेन्सने यंत्र वापरायला दिले आणि 29 ऑक्टोबरला हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. गंमत अशी, की त्या नोंदींतली सर्वांत ठळक रेघ एडलर यांना डाव्या कर्णिकेची भिंत वाटत होती. मृतदेहांवर पडताळणी केल्यावर कळले, ती मायट्रलचीच पुढची पाकळी होती. म्हणजे हवी असलेली झडप कधीचीच समोर होती.

उसनवारी तिथे संपली नाही. अमेरिकेत 1963 मध्ये हार्वी फायगेनबाम यांनी मेंदूच्या तपासणीचे यंत्र मागून घेतले आणि हृदयाभोवतीचे पाणी त्याने ओळखता येते, हे 1965 मध्ये मांडले. 1970 च्या दशकात रॉटरडॅमला निकोलास बॉम यांनी एका ओळीत अनेक स्फटिक बसवून हलते चित्र मिळवले. हातात मावणारे यंत्रही तिथेच घडले, पण काळाच्या फार आधी. अमेरिकी लष्कराच्या पैशातून वाढलेले सोनोसाइट कंपनीचे यंत्र 1999 मध्ये बाजारात आले, तेव्हा कुठे खाटेशेजारची तपासणी रुळली.

आपल्याकडे या यंत्राला आणखी एक इतिहास चिकटला, कारण त्याच लहरींनी गर्भाचे लिंगही कळते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातला पहिला कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. त्याच्या नियमांमुळे आज खिशात मावणारा प्रोबही नोंदलेल्या जागीच वापरावा लागतो. गोदीतून उसने आणलेल्या यंत्राचा हा वंशज शेजारच्या दवाखान्याला सहज उसना देता येत नाही.