एका मुलाचे ९६ पेन्स

आपल्याकडे अजूनही कोणी लहान मुलाला विचारतं, ‘कितवीत आहेस? फोर्थ स्टँडर्ड?’ हा ‘स्टँडर्ड’ शब्द वर्गासाठी कुठून आला, याचा विचार कधी केलाय? स्टँडर्ड म्हणजे दर्जा, ठरवून दिलेली पातळी. वर्गाला हे नाव पडलं त्यामागे एक परीक्षा आहे आणि त्या परीक्षेमागे पैसा. आजचा भाग त्यावर.

साल १८६२, इंग्लंड. गरिबांच्या प्राथमिक शाळांना सरकार अनुदान द्यायचं आणि तो खर्च वर्षागणिक वाढत होता. त्यात एका चौकशी आयोगाने १८६१ मध्ये सांगितलं की बऱ्याच मुलांना साधं वाचन-लेखनही धड येत नाही. शिक्षण खात्याची सूत्रं तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होती. त्यांचा हिशोब सरळ होता: निकाल दाखवा, पैसे घ्या. ही पद्धत एक तर कार्यक्षम ठरेल, नाहीतर निदान स्वस्त तरी पडेल, असं त्यांनी संसदेत चक्क बोलून दाखवलं.

आता नियम बघा. मला तर हे वाचताना एखाद्या अॅपचं बिलिंग लॉजिक वाचतोय असं वाटलं. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरच्या, पुरेशी हजेरी भरलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग, म्हणजे ९६ पेन्स. विषय तीन: वाचन, लेखन, अंकगणित. एका विषयात नापास झाला की ३२ पेन्स कापले. तिन्हीत नापास, तर ९६ चे ९६ गेले. सहा पातळ्या ठरवलेल्या, त्याच या ‘स्टँडर्ड’. पहिलीत एका अक्षरावयवाच्या शब्दांचा उतारा वाचायचा, सहावीत वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद. एका पातळीची परीक्षा मुलाला दुसऱ्यांदा देता येत नसे. कच्चं राहिलं तरी पुढच्या वर्षी वरच्या पातळीला बसवा!

आणि परीक्षा घ्यायला कोण? सरकारी निरीक्षक. आपल्या आजोबांच्या गोष्टींत शाळेत ‘दिपोटी’ येतात ना, तसेच. वर्षातून एकदा यायचे, एकेका मुलाला तपासायचे. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचे ९६ पेन्स बुडाले. म्हणून आजारी पोरांनाही उचलून शाळेत आणलं जायचं. पूर्वी प्रमाणपत्रधारक मास्तरांच्या पगारात सरकार थेट भर घालायचं, तेही आता बंद. सगळं अनुदान शाळेच्या व्यवस्थापकांच्या हातात आणि मास्तरने आपला पगार त्यांच्याशी घासाघीस करून ठरवायचा. पोरगं अडखळलं की मास्तरच्या पोटात गोळा येणारच.

मग शाळांनी काय केलं? जे कुणीही केलं असतं तेच. वाचनाचं पुस्तक आधीपासून माहीत असायचं, तर वर्षभर तेच घोकून घेतलं. पुस्तक उलटं धरूनही घडाघडा ‘वाचणारी’ मुलं सापडल्याचे किस्से तेव्हा सांगितले जात. इतिहास-भूगोल मागे पडले, कारण त्यांना पैसे नव्हते. १८६७ नंतर त्यांच्यासाठीही काही रक्कम ठेवावी लागली. आम्हा कोडवाल्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. टेस्ट केस पास करायच्या म्हणून उत्तरच हार्डकोड करून टाकायचं. सगळे हिरवे टिकमार्क, प्रोग्रॅमला मात्र काही येत नाही.

मॅथ्यू अर्नोल्ड हे इंग्रजीतले मोठे कवी, पण पोटापाण्यासाठी ३५ वर्षं शाळा तपासत फिरले. त्यांनी सरकारी नोकरीत असूनही या पद्धतीविरुद्ध लेख लिहिला आणि नंतर आपल्या अहवालांतही तेच मांडलं: चतुराईने तयारी करून घेतली तर वाचता न येणारं मूलही वाचनात पास होऊ शकतं. सरकारचे पैसे तेवढे वाचले. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेलं अनुदान १८६५ मध्ये ६ लाख ३७ हजारांच्या आसपास आलं. म्हणजे लो यांची ‘स्वस्त’वाली बाजू तरी खरी ठरली! तीन विषयांच्या निकालावर पैसे देणं बंद व्हायला १८९० उजाडलं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर अमेरिकेतलं अटलांटा शहर आठवा. २०११ च्या चौकशी अहवालात तिथल्या ४४ शाळांमध्ये परीक्षेत गैरप्रकार झाल्याचं आढळलं. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर खाडाखोड करून बरोबर उत्तरं भरणारे खुद्द शिक्षक होते. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले.

पण मला या गोष्टीत सगळ्यात जास्त गुंतवलं ते पुण्याने. ‘निकालाप्रमाणे पैसे’ ही पद्धत मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी आली होती. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला आणि जोतीराव फुल्यांनी त्याला निवेदन दिलं. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. त्यात त्यांनी ही पद्धत बहुजनांच्या शिक्षणाला उपयोगाची नाही, असं स्पष्ट लिहिलंय. ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे अशा अनुदानाच्या भरवशावर शाळा काढायला कोणता मास्तर धजेल? त्याचं पोट तरी भरेल का? अर्नोल्डना दिसली ती शाळेतली पोपटपंची. फुले बोलत होते ते जिथे शाळाच उघडणार नाही, त्या वस्तीबद्दल.

बरं, फुले बक्षिसाच्या विरोधात होते का? मुळीच नाही! त्याच निवेदनात त्यांनी म्हटलंय की मास्तरचा पगार कुठल्याही परिस्थितीत १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. आणि खेड्यातला जो मास्तर जास्त मुलं पास करून दाखवेल त्याला उत्तेजन म्हणून पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा. ‘पगाराव्यतिरिक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लो यांच्या नियमावलीत मास्तरचा पगारच पणाला लागला होता.

हे निवेदन फार मोठं नाही, एका बैठकीत वाचून होतं. जमलं तर वाचाच. भेटू पुढच्या भागात.