काठ (गोधडीकामातील)

काठ : गोधडीच्या किंवा थर टाचून शिवलेल्या कापडाच्या चारी कडांना जोडलेली पट्टी. (कडेवरून दुमडून घेतात ती अरुंद मगजी, ती वेगळी.) काठाची गणना सहसा सजावटीत होते, पण त्याचे पहिले काम माप धरण्याचे. टेबल-रनरसारख्या लांबट कापडात हे लगेच उघडे पडते. थरांतून धावदोरा फिरला की मधले कापड आत ओढले जाते आणि टाके संपतात त्या कडेला ते सैल राहते. मध्यावर 56 इंच भरणारा रनर कडेवर पाऊण इंच जास्त भरला तर नवल नाही. कडेच्या मापाने पट्टी कापली की तो सैलपणा कायमचा शिवला जातो. काठाला लाटा येतात. म्हणून माप मध्यावरून घ्यावे, लांब पट्ट्या तेवढ्याच कापाव्यात आणि कडेचे जास्तीचे कापड टाचण्यांनी सारखे वाटून शिवणीत जिरवावे. आखूड पट्ट्यांचे माप त्यानंतर : 14 इंच रुंदीला 3 इंची दोन पट्ट्या पाव इंच शिवणीने जोडल्या, तर रुंदी 19 इंच होते, 20 नव्हे, दर जोड अर्धा इंच खातो.

गोधडी शिवणाऱ्या बायका वितीवर भागवतात, तरी त्यांची किनार सपाट बसते, हा आक्षेप वजनदार आहे. पण जुन्या लुगड्याचा काठ ताण्याच्या दिशेने जातो, त्यामुळे सहसा ताणला जात नाही. शिवाय किनार आधी लावून टाके कडेकडून आत नेले, की किनार आणि मधला भाग एकदमच आवळतात. तयार रनरला काठ मागाहून लागतो, तेव्हा ही सोय उरत नाही. एवढ्याशा कापडाची लाट कोण पाहतो, असेही म्हणतात. अंथरुणावर ती दडते. टेबलावर तिच्यावर पेला ठेवायचा असतो.

औरंगपुरा, गुलमंडी या पेठांच्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, काठासाठी हिमरूचा मोह होणारच. त्याचा ताणा सुती, बाणा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा, आणि नक्षीचे धागे मागे मोकळे. कापलेली कड उसवते, म्हणून शिवण अर्धा इंच घ्यावी. मागचे धागे अस्तराखाली झाकले जातात, हा फायदाच. पैठणीचा जरीकाठ चुण्या जिरवू देत नाही आणि घरच्या धुण्यात टिकत नाही. रोजच्या टेबलाला जुन्या सुती लुगड्याचा काठच बरा : त्याचे आटणे आधीच होऊन गेलेले असते.