वतन, खत आणि करार

करार कसा होतो, हे कायद्याच्या पुस्तकात थोडक्यात सांगितलेले असते. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारायचा आणि दोन्ही बाजूंना काही मोबदला मिळायचा. करार करणारे सज्ञान व शुद्धीवर असावेत, हेतू कायदेशीर असावा आणि संमती मुक्त असावी. १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आलेल्या भारतीय करार कायद्याचे हे सार आहे. धाक, गैरवाजवी वजन किंवा फसवणूक यांतून मिळवलेली संमती हा कायदा मुक्त मानीत नाही. याचा अर्थ असा की, ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला कायद्यात किंमत आहे. आपल्या गावगाड्यात असे 'नाही' म्हणता येत होते काय? सातारा-सांगलीच्या इतिहासात हे तपासून पाहिले पाहिजे.

कायदा येऊन तीनच वर्षे झाली होती. पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्याची एक ठिणगी सप्टेंबर १८७५ मध्ये कोकरूड गावी पडली. आज शिराळा तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. जमावाने सावकाराचे घर गाठले आणि कागद जाळले. त्या काळच्या कर्जखतांत करताना काय कमी होते? प्रस्ताव होता, स्वीकृती होती, साक्षीदार होते, अंगठाही होता. पण आकडा सावकाराने लिहायचा आणि ज्याला अक्षर येत नाही त्याने अंगठा उठवायचा. व्याज मुद्दलात मिळवून पुन्हा नवे खत करायचे. अखेर सरकारने १८७९ साली पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. कोर्टाने खतावर न थांबता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, असे त्यात ठरले. अंगठा म्हणजे संमती नव्हे, याची ही सरकारी कबुलीच होती.

शेतकऱ्याजवळ निदान जाळायला कागद होता. महाराजवळ काय होते? १८७४ च्या वतन कायद्याने परंपरेने चालत आलेल्या गावकामगारांच्या सेवेला कायद्याची चौकट दिली. महार वतनदाराने सरकारी टपाल न्यायचे, अंमलदाराबरोबर धावायचे, लोकांना चावडीवर बोलवायचे. हे काम त्याने कधी पत्करले होते? त्याला कुणी विचारलेच नव्हते. तो ज्या घरात जन्मला, तोच त्याचा करार. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. कामाला रात्र-दिवसाची मर्यादा नव्हती. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि बलुते. तेही गावाच्या मर्जीवर. काम नाकारले की बलुते बंद आणि त्यामागोमाग बहिष्कार. करार मोडणाऱ्याला कायदा नुकसानभरपाई मागतो. गावाने मात्र 'नाही' म्हणणाऱ्या महाराचे जगणेच मागितले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. काम ठरलेले असावे, मोबदला ठरलेला असावा आणि नको असेल त्याला त्यातून सुटता यावे, असा त्या मागणीचा गाभा होता. जन्माने लादलेले नाते त्यांना माणसाच्या इच्छेवर आणायचे होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तोही जमीन परत देताना किंमत आणि अटी घेऊनच आला.

वतन गेले, पण प्रश्न संपला नाही. आज सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांवर मराठवाड्यातून आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड मजूर येतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात. अंगठा बहुधा नवऱ्याचा असतो. बायकोला विचारतो कोण? हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षाचे 'हो' तिथेच ठरून जाते.

एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले, की भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्तीच आहे आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही संविधानाच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ आहे. वेठबिगारीचे करार तर १९७६ च्या कायद्यानेच रद्द ठरवले आहेत. करार कायद्याचे १६ वे कलमही आपल्या बाजूने वापरता येते. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवू शकत असेल आणि व्यवहार उघडच अन्यायाचा दिसत असेल, तर संमती दडपणाने घेतली नाही हे त्या वरचढ पक्षाने सिद्ध करायचे असते.

म्हणून वस्तीत करारनामा दिसला, की केवळ सही कुणाची हे पाहून थांबू नये. कागद वाचून कुणी दाखवला? हिशेब कुणाजवळ आहे? ज्याच्या श्रमावर करार झाला त्या बाईला विचारले काय? आणि तिने 'नाही' म्हटले असते तर त्या रात्री तिच्या घरी चूल पेटली असती काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर तो कागद म्हणजे नव्या अक्षरात लिहिलेले जुने वतनच समजावे.