अपत्यहीनता : दुसऱ्या बाजूचा शोध

मूल होत नसेल तर दोष बाईचाच, असे मानण्याची रीत फार जुनी आहे. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईलाच लावतो. पुरुषासाठी ‘नपुंसक’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ निराळा. समागम करता न येणे वेगळे आणि वीर्यात पुरेसे शुक्रजंतू नसणे वेगळे. ही दुसरी उणीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

१६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड-व्यापाऱ्याने स्वतः घडवलेल्या भिंगातून वीर्यातील शुक्रजंतू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. मात्र काही पुरुषांत ते का नसतात, याची दोन महत्त्वाची उत्तरे मिळायला तब्बल तीनशे वर्षे लागली.

पहिले उत्तर आनुवंशिक होते. १९७६ साली इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी यांनी ११७० पुरुषांच्या गुणसूत्रांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सहा जणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडील भाग गळालेला होता, आणि त्या सहाही जणांच्या वीर्यात शुक्रजंतू नव्हते. शुक्रजंतू घडवण्यासाठी लागणारे काहीतरी त्या भागात असले पाहिजे, हे यावरून उघड झाले. पण ज्याला मूल होत नाही त्याच्याकडून हा दोष पुढे कसा येणार? बहुतेक वेळा तो वडिलांमध्ये नसतोच. गुणसूत्राचा तुकडा नव्यानेच गळतो.

दुसरे उत्तर पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, कॅलिफोर्नियातील लॅथ्रोप येथे मिळाले. तेथील कारखान्यात ‘डीबीसीपी’ हे पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमी मारणारे रसायन हाताळले जाई. आपल्यापैकी फारच थोड्यांना अलीकडे मुले झाली आहेत, हे कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून पुढे आले. तपासणीत नसबंदी न झालेल्या २५ पैकी १४ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू फार कमी होते किंवा मुळीच नव्हते. काम जितकी अधिक वर्षे केलेले, तितका परिणाम अधिक दिसत होता.

मग हे आधीच कसे कळले नाही? वृषणे दोन कामे करतात : शुक्रजंतू तयार करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणे. डीबीसीपीने पहिले काम बिघडवले, दुसरे चालूच राहिले. त्यामुळे दाढीमिशा, आवाज, वैवाहिक जीवन यांत काहीच फरक पडला नाही.

खेदाची गोष्ट अशी की, या रसायनाने उंदरांची वृषणे आक्रसतात हे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. तरीही माणसांची तपासणी व्हायला सोळा वर्षे गेली. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरावर बंदी आली; हवाईतील अननसाच्या मळ्यांना मात्र १९८५ पर्यंत सवलत होती. कोस्टा रिकातील केळीच्या मळ्यांतही ते वापरले गेले आणि तेथील मजुरांतही वंध्यत्व आढळले.

प्रजननाचा धडा शिकवताना या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना जरूर सांगाव्यात. वीर्यतपासणी सोपी असते, तिला शस्त्रक्रिया लागत नाही. असे असताना आजही अनेक घरांत आधी सुनेलाच दवाखान्यात नेले जाते. असे का, हा प्रश्न मुलामुलींनी वर्गात विचारला तर तो टाळू नये.